भिंग : दुकानातले आणि पार्सलातले

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याने कॅमेऱ्यासाठी लेन्स घ्यायची ठरवली, की त्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘ऑनलाइन मागव, स्वस्त पडते आणि घरपोच येते.’ दुसरा म्हणतो, ‘दुकानात जा, हातात घेऊन बघ, उद्या बिघडली तर कोणाकडे जाशील?’ दोघेही आपापल्या अनुभवावरून बोलत असतात आणि दोघांचेही थोडे थोडे खरे असते. हा वाद इंटरनेटमुळे सुरू झाला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे. महाराष्ट्रात कॅमेरे आणि भिंगे कशी येत गेली याचा इतिहास पाहिला, तर या वादातला खरा प्रश्न कोणता हे कळते. आणि त्याचे उत्तर शाळेच्या व्हरांड्यात कसे शोधता येईल हेही कळते.

या दोन तालुक्यांत लेन्सला गिऱ्हाईक कोण, असे कोणी विचारील. लग्नसराईवर ज्यांचा वर्षाचा खर्च चालतो असे छायाचित्रकार गावोगाव आहेत. पावसाळ्यात माळशेज घाटात आणि माहुलीच्या पायथ्याशी कॅमेरे घेऊन येणारे असतात. पक्षिनिरीक्षकांचे महत्त्व तर २०१४ साली दिसून आले. त्या वर्षी तानसा अभयारण्यात रानपिंगळा या दुर्मिळ घुबडाची छायाचित्रांसह नोंद झाली. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे या पक्ष्याची खात्रीलायक नोंद नव्हती आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. अशा नोंदीत छायाचित्र हाच पुरावा असतो, आणि पुरावा किती विश्वासार्ह आहे हे शेवटी भिंगावर अवलंबून असते. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ.

न दिसणारा गुण

कापड बोटांनी चाचपून पाहता येते, तांदूळ वास घेऊन पारखता येतो. भिंगाचे तसे नाही. दोन भिंगे दिसायला अगदी सारखी असली, तरी एकाची प्रतिमा रेखीव आणि दुसऱ्याची धूसर असू शकते. भिंगाचा गुण त्याच्या वक्रतेत, काचेच्या अपवर्तनांकात आणि नळीत काचा बसवण्याच्या अचूकपणात असतो. यांपैकी काहीही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा वापरात असलेल्या भिंगांचे छिद्र फारच लहान होते. आजच्या भाषेत ते साधारण एफ/१५ एवढे होते. (भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो.) त्यामुळे माणसाला कित्येक मिनिटे न हलता बसावे लागे. १८४० साली व्हिएन्नातील गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल यांनी चित्रणासाठी नवे भिंग गणिताने रचले. किचकट आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातील गणित जाणणारे सैनिक मदतीला मिळाले होते. फॉइग्टलेंडर या कारखान्याने ते भिंग बनवले. त्याचे छिद्र होते सुमारे एफ/३.६. प्रतिमेवर पडणारा प्रकाश या अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून १५ भागिले ३.६ म्हणजे ४.१७, आणि त्याचा वर्ग सुमारे १७. नवे भिंग जुन्यापेक्षा सतरा पट प्रकाश आत घेत होते. जिथे पाच मिनिटे लागत, तिथे अठरा सेकंद पुरू लागले.

मागणी वाढताच नकलाही निघाल्या. पेट्झव्हाल यांच्या रचनेची भिंगे युरोपात अनेक कारागीर बनवू लागले. त्यांतली काही उत्तम होती, काही सुमार. ग्राहकाला फरक कळणार कसा? त्या काळी उत्तर एकच होते : नळीवर कोरलेले नाव आणि विकणाऱ्याचा शब्द.

मुंबईत आलेली भिंगे

मुंबईत १८५४ साली छायाचित्रण मंडळ स्थापन झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या मंडळातील सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक झाले.

या सर्वांची भिंगे बोटीने येत. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्याआधी माल आफ्रिकेला वळसा घालून तरी येई, नाहीतर इजिप्तमध्ये जमिनीवरून नेऊन पुन्हा बोटीवर चढवावा लागे. भिंग सदोष निघाले तर परत पाठवण्यात आणि बदली मिळवण्यात महिनोन् महिने जात. म्हणून मुंबईतील मोठ्या दुकानांना महत्त्व होते. दुकानदार माल मागवण्याचा धोका पत्करी आणि त्याचा मोबदला किमतीत लावी. गिऱ्हाईक जास्त पैसे देई, पण त्याला वस्तू डोळ्यांसमोर पाहायला मिळे. दुकानातली किंमत ही केवळ भिंगाची नव्हती. त्यात पारखण्याच्या संधीचीही किंमत होती. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचा सारा इतिहास सोपा होतो.

याच काळात रेल्वे शहापूर तालुक्यातून गेली. १८५४ साली कल्याण आणि १८६१ साली कसारा मुंबईला जोडले गेले. मुरबाड मात्र रेल्वेच्या वाटेपासून दूर राहिले. त्यामुळे मुंबईच्या दुकानाचे ‘अंतर’ या शेजारशेजारच्या दोन तालुक्यांना वेगवेगळे पडले. आसनगावाला गाडीत बसणारा थेट बोरीबंदरला उतरे, तर मुरबाडकराला आधी कल्याण गाठावे लागे.

आकड्यांवरचा विश्वास

दूरच्या व्यापाराला आकडे लागतात, हे मुरबाड तालुक्याला नवे नाही. तालुक्याच्या पूर्व सीमेवरील नाणेघाटातून कोकणचा माल जुन्नरला चढत असे. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत अशी समजूत आहे. शेजारच्या लेण्यातील दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन लेखात यज्ञातील दानांच्या संख्या कोरलेल्या आहेत. भारतातील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

भिंगांच्या बाबतीत आकड्यांचे युग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. १८८१ साली ब्रिटनमधील छायाचित्रण मंडळाने भिंगाची छिद्रे मोजण्याची एकसमान पद्धत सुचवली. पुढे ती मागे पडली आणि एफ-अंकाची पद्धत सर्वत्र रुळली. त्याच मंडळाने भिंगाच्या आट्यांची प्रमाणित मापेही ठरवली. त्यामुळे एका कारखान्याचे भिंग दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसू शकले.

सर्वांत मोठा बदल झाला जर्मनीतील येना या गावी. एर्न्स्ट आबे यांचे प्रकाशशास्त्र, कार्ल त्साइस यांचा कारखाना आणि ओटो शॉट यांचे काचरसायन तेथे एकत्र आले. १८८४ साली शॉट यांचा काचकारखाना सुरू झाला. १८८६ साली त्यांनी काचांची यादी छापली. तीत ४४ प्रकारच्या काचा होत्या आणि त्यांतल्या १९ मूलतः नव्या होत्या. प्रत्येक काचेचा अपवर्तनांक आणि तिच्यातून रंग किती पसरतात याचे माप यादीत दिलेले असे. आता भिंग रचणाऱ्याला काच डोळ्यांनी पाहण्याची गरज उरली नाही. यादीतले आकडे घेऊन तो कागदावर गणित करू शकत होता. आजही ऑनलाइन खरेदी करणारा ‘५० मिमी, एफ/१.८’ एवढे वाचून पैसे भरतो. त्याच्या विश्वासाचे मूळ या काळात आहे.

पण येनाच्याच काचांनी आकड्यांची मर्यादाही दाखवून दिली. नव्या काचांपैकी काही बोरेट व फॉस्फेट काचा हवेतील ओलाव्याने खराब होत, म्हणून त्या मागे घ्याव्या लागल्या. अपवर्तनांक अचूक होता, पण काच टिकत नव्हती. उष्ण आणि दमट देशांसाठी पुढे ब्रिटिश कारखान्यांनी सागवानाचे, पितळी पट्ट्या ठोकलेले खास कॅमेरे काढले. सागवान म्हणजे शहापूर-मुरबाडच्या जंगलातले ओळखीचे झाड. वाळवीला आणि दमटपणाला ते किती दाद देत नाही, हे येथील सुतारांना ठाऊक होतेच.

आकड्यांनी माल ओळखता येऊ लागला. राहिला पैशाचा प्रश्न. आधी पैसे पाठवायचे की आधी माल? भारतीय टपालखात्याने १८७७ साली त्यावर तोडगा काढला : व्ही.पी., म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पोस्टमनला पैसे देणे. पुस्तके, औषधे, घड्याळे, बियाणे हे सारे व्ही.पी.ने खेडोपाडी पोचले. २०१० साली ऑनलाइन कंपन्यांनी ‘वस्तू मिळाल्यावर पैसे’ ही सोय आणली, तेव्हा ती नवलाची वाटली. आपल्या आजोबा-पणजोबांना मात्र तिची चांगली ओळख होती. व्ही.पी.ची एक अडचण तेव्हाही होती. पैसे भरल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे.

तिघांचे तीन मार्ग

मराठी माणसांनी परदेशी कॅमेरे मिळवण्याच्या तीन हकिकती शेजारी ठेवल्या, तर हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो.

पहिले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. ते मुंबईतील छायाचित्रकार होते. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. ती पाहून त्यांनी लंडनहून रायली कंपनीचा चलच्चित्र कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे एकूण ४४१ शिलिंग किंवा २२ पौंड १ शिलिंग. १८९९ मध्ये रूढ झालेल्या पौंडाला पंधरा रुपये या दराने ही रक्कम सुमारे ३३० रुपये होते. त्या वर्षी त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. म्हणजे कॅमेरा आणि त्याचे भिंग नीट काम करते की नाही, हे फिल्म सातासमुद्रापार जाऊन परत येईपर्यंत त्यांना कळणे शक्य नव्हते. दूरच्या खरेदीतील धोक्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

दुसरे दादासाहेब फाळके. ते छायाचित्रणात आणि मुद्रणात मुरलेले होते. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते स्वतः लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची गाठ चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडणारे यंत्र घेतले आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची व्यवस्था केली. परत आल्यावर त्यांनी मोठ्या चित्रपटाला लगेच हात घातला नाही. आधी वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटा चित्रपट तयार केला आणि भांडवल देऊ शकणाऱ्यांना तो दाखवला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. फाळके लंडनला गेले ही गोष्ट आपण नेहमी सांगतो. शिक्षकांनी त्यापेक्षाही वाटाण्याच्या प्रयोगाकडे लक्ष वेधावे. विकत घेतलेल्या यंत्राची, स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने घेतलेली ती परीक्षाच होती.

तिसरे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणला आणि यंत्राचा अभ्यास सुरू केला. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःच चित्रीकरणाचा कॅमेरा तयार केला. १९२० साली आलेला ‘सैरंध्री’ त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. ज्याने यंत्र खोलून पाहिले आहे त्याला विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही, हा या हकिकतीचा अर्थ.

एकाने पत्राने मागवले, एकाने प्रत्यक्ष जाऊन घेतले, एकाने जुन्या बाजारातून आणून अभ्यासले. तिघांचे मार्ग वेगळे होते, पण तिघांनाही एकच गोष्ट लागली : पारख.

टंचाईचा काळ

स्वातंत्र्यानंतर कॅमेरे व भिंगांच्या आयातीवर निर्बंध आणि जबर कर होते. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री अनेक घरांत पोचला. त्याला साधे, न बदलता येणारे भिंग असे. बदलत्या भिंगांचा कॅमेरा हवा असणारे परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांवर किंवा मुंबईतील बाजारावर अवलंबून होते. फोर्ट भागातील बोरा बाजार या व्यापाराचे केंद्र झाला. नवी-जुनी भिंगे, सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे कारागीर तेथे एकत्र सापडत.

या काळात एक प्रमाणित माप फार उपयोगी पडले. १९४९ च्या सुमारास पूर्व जर्मनीतील कॅमेऱ्यांवर ४२ मिमी व्यासाच्या आट्या आल्या. नंतर सोव्हिएत संघातील आणि जपानमधील अनेक कारखान्यांनी तेच माप घेतले. त्यामुळे जुन्या बाजारात मिळालेले एका देशाचे भिंग दुसऱ्या देशाच्या कॅमेऱ्यावर बसे. पुढे बहुतेक कंपन्यांनी आपापली वेगळी खाच काढली आणि ही सोय कमी झाली.

आसनगावाहून गाडीने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याणला येऊन मुंबई गाठणाऱ्या छायाचित्रकाराचा पूर्ण दिवस जाई. पण दुकानात तो आपल्या कॅमेऱ्यावर भिंग बसवून पाही, कारागीर भिंग उजेडासमोर धरून बुरशी दाखवी, भाव ठरे आणि चार गोष्टी कानावर पडत. गैरफायदाही घेतला जाई, हे नाकारण्यात अर्थ नाही. माल थोडा आणि विकणारे थोडे असले, की भाव गिऱ्हाइकाच्या हातात राहत नाही. आडगावातून आलेल्या माणसाला तर तो आणखी कमी राहतो.

गोदाम जवळ आले

१९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऑनलाइन विक्री खेड्यांपर्यंत गेली. येथे एक गमतीची भौगोलिक गोष्ट घडली. या कंपन्यांची मोठमोठी गोदामे भिवंडी तालुक्यात उभी राहिली, आणि भिवंडी म्हणजे शहापूरचा शेजार. ‘दूरवरून’ मागवलेली लेन्स पुष्कळदा मुंबई-नाशिक महामार्गावरच्या गोदामातून निघते. फोर्टमधील दुकान मात्र दोन तासांवर राहते. म्हणजे आता दूर कोण आणि जवळ कोण, हे किलोमीटरमध्ये सांगता येत नाही.

मग बदलले काय? दुकानदार जे पारखण्याचे काम करत असे, ते आता ग्राहकाकडे आले आहे. त्या कामाचे पैसे किमतीतून वजा झाले. स्वस्ताईचा एक भाग त्यातूनच आला. पण काम मात्र शिल्लक आहे. परत करण्याची मुदत म्हणजे हे काम करण्यासाठी मिळालेला वेळ. प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की चाचणी घेतल्याशिवाय आम्ही स्वीकृतीच्या कागदावर सही करत नाही. घरी आलेल्या लेन्सचा डबा कौतुकाने उघडून कपाटात ठेवणारा माणूस न पाहताच सही करून टाकतो.

पारख नसेल तर काय बिघडते?

आता रानपिंगळ्याकडे वळू. तो आणि आपल्या नेहमीच्या ओळखीचा पिंगळा दिसायला सारखे असतात. एक महत्त्वाचा फरक डोक्यावर असतो. पिंगळ्याच्या माथ्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतात.

पक्षी २३ सेंमी उंच आहे आणि ३० मीटर अंतरावर बसला आहे असे समजा. ३०० मिमी नाभीय अंतराच्या लेन्सने कॅमेऱ्याच्या संवेदकावर त्याची प्रतिमा किती मोठी पडेल? प्रतिमेचा आकार म्हणजे वस्तूचा आकार गुणिले नाभीय अंतर भागिले वस्तूचे अंतर. २३० × ३०० ÷ ३०,००० = २.३ मिमी. माथ्यावरचा ठिपका २ मिमीचा धरला, तर त्याची प्रतिमा ०.०२ मिमीची, म्हणजे २० मायक्रोमीटरची पडते. लेन्समधील एखादी काच किंचित कलती बसली असेल आणि त्या भागात प्रतिमा ३० मायक्रोमीटरने पसरत असेल, तर ठिपके एकमेकांत मिसळून नाहीसे होतील. पिंगळ्याचा रानपिंगळा होईल! डब्यावरचे ‘३०० मिमी’ खरे असेल, एफ-अंकही खरा असेल, आणि तरी निष्कर्ष चुकलेला असेल. रचना एकच असली तरी प्रत्येक नगाच्या जुळणीत थोडा फरक राहतो, आणि तो कोणत्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो.

लग्नाच्या छायाचित्रकाराचा प्रश्न वेगळा, पण तेवढाच गंभीर आहे. सप्तपदी पुन्हा करता येत नाही. त्याचे नुकसान पैशाचेही असते आणि पंचक्रोशीतल्या नावाचेही.

शाळेत करण्याजोगी चाचणी

१. आधी कागद पाहावेत. डब्यावरील आणि लेन्सवरील अनुक्रमांक जुळतात का, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता छापलेला आहे का, हमी भारतात लागू आहे का, हे पाहावे. डबा उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवणे चांगले.

२. अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकून पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. धुळीचे दोन-चार कण दिसले तर घाबरू नये.

३. भिंतीवर वर्तमानपत्राची पाच पाने चिकटवावीत : एक मध्ये, चार कोपऱ्यांत. नाभीय अंतराच्या सुमारे पन्नास पट अंतरावर कॅमेरा स्थिर ठेवावा. ५० मिमीला अडीच मीटर पुरतात. ३०० मिमीला पंधरा मीटर, म्हणजे शाळेचा व्हरांडा. भिंतीच्या मध्यावर सपाट आरसा चिकटवावा. आरशात लेन्सचे प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्ये दिसले, की कॅमेरा भिंतीच्या काटकोनात आहे. छिद्र पूर्ण उघडे ठेवून छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे मोठी करून पाहावीत. चारही कोपरे मध्यापेक्षा सारखेच मऊ असतील तर तो रचनेचा स्वभाव आहे. एकच कोपरा पुसट असेल तर संशय घ्यावा.

४. आता कॅमेरा उलटा, म्हणजे खालची बाजू वर करून, पुन्हा तसेच छायाचित्र घ्यावे. पुसटपणा भिंतीच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर चूक मांडणीची. तो समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात. विज्ञानात नियंत्रित प्रयोग कशाला म्हणतात, हे मुलांना यातून सहज समजते.

५. रात्री ताऱ्यांचे छायाचित्र घ्यावे. तारा हा निसर्गाने दिलेला आदर्श बिंदू आहे. कोपऱ्यातील ताऱ्यांना शेपट्या किती फुटतात हे पाहावे आणि चारही कोपरे ताडून बघावेत. मुंबईकरांना न मिळणारे काळोखे आकाश हे या दोन तालुक्यांचे भांडवलच आहे.

हीच परीक्षा दुकानातही थोडक्यात घेता येते. आपला कॅमेरा सोबत न्यावा आणि समोरच्या इमारतीच्या विटा टिपून तेथेच मोठ्या करून पाहाव्यात. जो दुकानदार हे करू देतो, त्याच्या चार पैसे जास्त किमतीला अर्थ आहे. जो करू देत नाही, त्याच्याकडून घेणे आणि पार्सलाने मागवणे यांत फार फरक नाही.

कायद्याचा आणि पावसाचा विचार

दूरच्या खरेदीला पूर्वी आणखी एक भीती होती : भांडायला जायचे कोठे? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार साधारणपणे विक्रेत्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी किंवा व्यवहार घडला त्या ठिकाणी करावी लागे. २०१९ च्या कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. विक्रेता कोठलाही असला, तरी शहापूर-मुरबाडच्या ग्राहकाला ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याची ओळख आणि वस्तूचा मूळ देश सांगणे बंधनकारक केले. पावती जपून ठेवणाऱ्यालाच अर्थात याचा उपयोग.

कायद्याने न सुटणारा प्रश्न पावसाचा आहे. या दोन्ही तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि बराच काळ हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत भिंगांवर बुरशी वाढते. तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप आणि काचही खातात. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा स्वस्त उपाय आहे. रंग बदललेले जेल मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. पण बुरशी लागलीच, तर लेन्स उघडून साफ करणारा आणि काचा पुन्हा नेमक्या जागी बसवणारा कारागीर लागतो. तो पार्सलात येत नाही. तो दुकानाच्या आधाराने जगतो, आणि दुकाने बंद होत गेली की तोही दुसरे काम धरतो.

तेव्हा विद्यार्थ्याला काय सांगावे? नवी, प्रमाणित, परत करता येण्याजोगी लेन्स पार्सलाने घ्यायला हरकत नाही, मात्र परतीच्या मुदतीत तिची परीक्षा झाली पाहिजे. जुनी लेन्स घ्यायची तर हातात घेऊन, विजेरी लावून, कॅमेऱ्यावर बसवूनच घ्यावी. आणि वर्षातून एकदा तरी जवळच्या कारागिराकडे साफसफाईचे काम द्यावे. त्याचा धंदा टिकणे आपल्याही सोयीचे आहे.

सावेदादांना आपल्या खरेदीचा निकाल लंडनहून फिल्म परत येईपर्यंत कळण्यासारखा नव्हता. आज तो एका दुपारी, वर्तमानपत्राच्या पाच पानांवर आणि एका आरशावर कळतो. शाळेतील एखाद्या शिक्षकाकडे किंवा गावातल्या छायाचित्रकाराकडे कॅमेरा असेलच. तो एका शनिवारी मागून घ्यावा, दहावीच्या वर्गाला चार-चारच्या गटांत विभागावे आणि प्रत्येक गटाला वेगळी लेन्स द्यावी. अपवर्तनाचा धडा शिकवून झाल्यावर घ्यायला याहून चांगली परीक्षा नाही.